सुई दंडाला, राखण साऱ्या अंगाला
(हिंजवडी येथील प्रौढ साक्षरता वर्गातील भाषण)



दिवसभर कामे करून तुम्ही संध्याकाळी वर्गाला येता. डोळे दमलेले असतात, तरी अक्षरे गिरवता. म्हणून आज पाटी-पुस्तक बाजूला ठेवू या. आज नुसते बोलू या.

मागच्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर एक आजी माझ्याजवळ आल्या. त्यांचा नातू अडीच महिन्यांचा आहे. जन्मला तेव्हा दवाखान्यात त्याच्या डाव्या दंडाला सुई टोचली. महिन्याभराने तिथे पुळी आली. पुळी फुटली, थोडा पू आला. घरातले सगळे घाबरले. पुढे दीड महिन्याची लस द्यायची वेळ आली. तेव्हा आजी सुनेला म्हणाल्या, "पहिलीच जखम अजून भरली नाही. पोराला पुन्हा कशाला टोचायचं?" आणि पोराला नेलेच नाही.

मग आजींनी मला विचारले, "ती लस टी.बी.ची होती म्हणतात. टी.बी. तर छातीचा रोग. मग सुई दंडाला कशाला? दंडाला टोचून छातीला काय मिळतं?"

मंडळी, प्रश्न अगदी रास्त आहे. विहीर एकीकडे आणि पाणी दुसरीकडे, असे कसे होईल? पण शरीरात तसे होते खरे. ते कसे होते, हेच आज पाहायचे आहे.

हातावरची जुनी खूण

तुमच्यात जी वयस्क माणसे आहेत, ज्यांचा जन्म १९७० च्या आधीचा आहे, त्यांनी आपला हात नीट पाहावा. पुष्कळांच्या हातावर गोल, खडबडीत वण दिसेल. ती देवीच्या लसीची खूण.

देवीचा रोग आता नाही. पण जुनी माणसे त्याची आठवण सांगत. आधी ताप येई. मग साऱ्या अंगावर फोड येत. शंभर माणसांना देवी आल्या तर वीस-तीस माणसे दगावत. जी वाचत, त्यांच्या तोंडावर वण राहत. कुणाचे डोळे जात.

हा रोग कुठून शिरे? बहुतेक वेळा श्वासावाटे, नाका-घशातून. आणि लस कुठे देत? हाताच्या कातडीवर. दार एक आणि पहारा दुसरीकडे. तरी ती लस लागू पडली. साऱ्या अंगाला लागू पडली.

हे माणसाला कळले कसे? आपल्या देशात, विशेषतः बंगालच्या बाजूला, फार जुनी एक रीत होती. देवी आलेल्या माणसाच्या फोडातला पू घेत आणि निरोगी माणसाच्या हातावर ओरखडा काढून तिथे लावत. त्या माणसाला देवी येत, पण बहुधा हलक्या येत. शंभरांत एखाददुसरा दगावे. पुढे जन्मभर त्याला देवी येत नसत. म्हणजे रोग तोच, पण तो श्वासाच्या दाराने न येता कातडीच्या दाराने आला, की त्याचे बळ कमी पडे. पण ही रीत धोक्याची होती. माणूस मरू शके. शिवाय त्याच्यापासून दुसऱ्यांना खऱ्या देवी लागत.

मग इंग्लंडात एडवर्ड जेन्नर नावाचे डॉक्टर झाले. त्या मुलखात गाईंच्या सडांवर कधी कधी फोड येत. धार काढणाऱ्या बायकांच्या हातांना ते फोड लागत. चार दिवस हात दुखे, मग बरा होई. पण या बायकांना देवी येत नाहीत, असे लोक म्हणत. जेन्नरनी ते लक्षात घेतले. १४ मे १७९६ रोजी त्यांनी एका गवळणीच्या हाताच्या फोडातला द्रव घेतला आणि आठ वर्षांच्या एका मुलाच्या दंडावर टोचला. दंडाला फोड आला आणि बरा झाला. पुढे जुलै महिन्यात त्या मुलाला खऱ्या देवीचा पू टोचून पाहिला. मुलाला देवी आल्या नाहीत. आज कुणाच्या लेकरावर असा प्रयोग करू देणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण त्या एका फोडातून पुढे जगाचे भले झाले.

ती लस आपल्याकडे कशी आली, तेही ऐका. तेव्हा बर्फाची पेटी नव्हती. लस बाटलीत टिकत नसे. म्हणून ती माणसाच्या हातावरून माणसाच्या हातावर अशी आली. एकाला फोड आला की त्यातला द्रव दुसऱ्याला टोचायचा. अशी ती बगदाद, बसऱ्यामार्गे मुंबईला पोचली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली. हिंदुस्थानात देवीची लस लागू पडलेली ही पहिली मुलगी. तिच्या हातावरच्या फोडातून मुंबईच्या आणखी पाच मुलांना लस दिली. तिथून ती आपल्या पुण्याला आली, सुरतेला गेली, हैदराबादला गेली, मद्रासला गेली.

पुढे पावणेदोनशे वर्षे टोचण्याचे काम चालले. १९७५ साली आपल्या देशात देवीचा शेवटचा रोगी सापडला. १९८० साली साऱ्या जगातून देवी गेल्याचे जाहीर झाले. हातावरच्या त्या एवढ्याशा वणाने हे काम केले.

काटा पायात, गाठ जांघेत

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हाताला टोचलेले साऱ्या अंगाला कसे कळते?

शेतात काम करताना पायात काटा रुततो. तो नीट निघाला नाही तर पाय पिकतो. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काय होते? जांघेत अवधाण येते. होय की नाही? काटा रुतला तळव्यात, आणि गाठ दुखते जांघेत! हाताला जखम झाली, तर गाठ काखेत येते. घसा सुजला, तर गाठ मानेला येते.

ही गाठ म्हणजे काय? ती आपल्या शरीरातली चावडी आहे.

समजा, गावाच्या शिवेवर एक चोर शिरला. राखणदाराने त्याला पकडले. तो त्याला कुठे नेईल? चावडीवर. तिथे पोलीस पाटील त्याला नीट पाहून घेतील. उंची किती, नाक कसे, अंगावर खूण कोणती, हे लिहून घेतील. मग ते वर्णन वाडी-वस्तीवर पाठवतील. पुढे तो चोर दुसऱ्या वाटेने आला, तरी तिथला माणूस म्हणेल, "हाच तो! धरा!"

शरीरात हेच होते. कातडीत राखणदार पेशी असतात. पेशी म्हणजे शरीराचा बारीक कण. वीट-विटेने भिंत बनते, तसे पेशी-पेशीने शरीर बनते. या राखणदार पेशी रोगजंतूचा तुकडा पकडतात आणि जवळच्या गाठीत नेतात. गाठीत रक्तातल्या पांढऱ्या पेशी दाटीने बसलेल्या असतात. त्यांतल्या ज्या पेशींना तो जंतू ओळखता येतो, त्या जाग्या होतात. एकीच्या दोन, दोनीच्या चार, अशा वाढतात. म्हणून गाठ सुजते. अवधाण म्हणजे नुसते दुखणे नव्हे, चावडीवर माणसे जमल्याची ती खूण आहे.

या पेशी मग दोन कामे करतात. काही पेशी प्रतिपिंडे तयार करतात. प्रतिपिंड म्हणजे त्या जंतूला चिकटून त्याला निकामी करणारे द्रव्य. एका कुलपाला एक किल्ली, तसे एका जंतूला एक प्रतिपिंड. ही प्रतिपिंडे रक्तातून साऱ्या अंगात फिरतात. दंडातले रक्त दंडातच राहते का? नाही. तेच रक्त छातीत जाते, पोटात जाते, पायात जाते. म्हणून दंडाला शिकलेली गोष्ट छातीला कळते.

आणि काही पेशी आठवण ठेवतात. त्या वर्षानुवर्षे जगतात. पहिल्या वेळी शरीराला ही तयारी करायला एक-दोन आठवडे लागतात. रोग जबर असला, तर तेवढ्यात माणूस हातचा जातो. पण आठवण असली, की दुसऱ्या वेळी तयारी लवकर होते, चार-पाच दिवसांत होते. लस म्हणजे ही आठवण आधीच करून ठेवणे.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. चोराचे वर्णन ज्याचे, तोच चोर धरता येतो. देवीची लस टायफॉइडला चालत नाही. गाईच्या फोडांचा जंतू आणि देवीचा जंतू हे भावकीतले आहेत, चेहरेपट्टी सारखी आहे, म्हणून तिथे एकाची ओळख दुसऱ्याला लागू पडली.

प्रत्येक दाराचा वेगळा पहारा

आता तुम्ही म्हणाल, मग सगळ्या लशी दंडालाच का देत नाहीत? पोलिओचे थेंब तोंडात का घालतात?

त्याचेही कारण आहे. रक्तातले पहारेकरी घराच्या आतल्या खोल्यांत चांगला पहारा करतात. पण नाक, घसा, आतडे ही बाहेरची दारे. तिथे वेगळे पहारेकरी लागतात. ते त्याच दारावर शिकवले, तर चांगले तयार होतात.

पोलिओचा जंतू घाण पाण्यातून, न धुतलेल्या हातांतून तोंडात जातो. आतड्यात वाढतो. थोड्या मुलांत तो पुढे मज्जातंतूंपर्यंत जातो, आणि पाय लुळा पडतो. रोग शिरतो पोटातून, आणि जातो पाय! थेंबांत या जंतूचे दुबळे केलेले रूप असते. ते आतड्यात थोडे वाढते. आतड्याच्या दारावर पहारा बसतो, रक्तातही प्रतिपिंडे होतात, आणि पाय वाचतो. जोडीला पोलिओची सुईही देतात, ती आतला पहारा पक्का करते. थेंब आणि सुई दोन्ही घ्यायची ती एवढ्यासाठी. आपल्या देशात पोलिओचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये सापडला. मार्च २०१४ मध्ये आपला देश पोलिओमुक्त ठरला.

नाकाचेही तसेच. २००९ साली पुण्यात स्वाइन फ्लूची साथ आली, ती तुम्हांला आठवत असेल. तोंडाला रुमाल बांधून लोक फिरत होते. पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटने त्या रोगावर नाकात फवारायची लस काढली. रोग नाकातून येतो, म्हणून नाकातच पहारा बसवायचा.

आणि करोना? दंडाला लस घेऊनसुद्धा पुष्कळांना सर्दी-ताप झालाच. लोक म्हणाले, "लस घेऊन काय उपयोग?" उपयोग होता. नाकाच्या दारावर पहारा पातळ होता, म्हणून जंतू ओसरीपर्यंत आला. पण आत, फुप्फुसात, पहारा भक्कम होता. म्हणून लस घेतलेल्यांत प्राणवायू लावायची, दवाखान्यात पडायची वेळ पुष्कळ कमी जणांवर आली.

या कामात आपल्या हिंजवडीचेही नाव आहे. इथे फेज दोनमध्ये जेनोव्हा नावाचा कारखाना आहे. तिथे करोनावर एक नव्या तऱ्हेची लस तयार झाली. जून २०२२ मध्ये तिला तातडीच्या वापराची परवानगी मिळाली. वर्षभराने, जून २०२३ मध्ये, तिचे दुसरे रूप आले. या लसीत जंतू नाही, मेलेला नाही की दुबळाही नाही. त्यात फक्त एक चिठ्ठी असते. चिठ्ठी वाचून आपल्याच पेशी जंतूचा एक तुकडा घडवतात, आणि राखणदार तो ओळखून ठेवतात. रोग आला नाही, पण ओळख झाली. आणि ते दुसरे रूप सुईने देत नाहीत. एका यंत्राने दंडाच्या कातडीत जोराने सोडतात. कातडीतच का? कारण राखणदार पेशी तिथे फार. जेन्नरनी कातडीवर ओरखडा काढला, त्याला सव्वादोनशे वर्षे झाली. आज आपल्या शिवारातले शास्त्रज्ञही त्याच दारावर येऊन उभे राहिले.

आईचे पोट, लेकराचे पोट

आता आयाबायांनी नीट ऐकावे.

एका जागी झालेला रोग दुसऱ्या जागी राखण करतो, याचा सर्वांत मोठा दाखला आईजवळ आहे. आई ज्या घरात राहते, जे पाणी पिते, त्यातले जंतू तिच्या पोटात जातात. तिच्या आतड्यात त्यांची ओळख होते. आतड्याजवळ शिकलेल्या पेशी रक्तातून निघतात आणि अंगावर पाजणाऱ्या आईच्या स्तनात जाऊन बसतात. तिथे त्या प्रतिपिंडे तयार करतात, ती दुधात उतरतात. लेकरू दूध पिते, आणि ती प्रतिपिंडे त्याच्या आतड्याला आतून लेप दिल्यासारखी राखण करतात. जंतू आला आईच्या पोटात आणि राखण झाली बाळाच्या पोटाची!

म्हणून दोन गोष्टी सांगतो. बाळंतपणानंतरचा पहिला घट्ट, पिवळसर चीक फेकू नका. त्यात ही प्रतिपिंडे सर्वांत जास्त असतात. जन्मल्यावर तासाभरात बाळाला अंगावर घ्या, आणि सहा महिने आईच्या दुधाशिवाय दुसरे काही देऊ नका, पाणीसुद्धा नको. दुसरी गोष्ट, आईला सर्दी झाली, ताप आला, हगवण लागली, की घरातली माणसे म्हणतात, "बाळाला पाजू नको, बाधेल." हे उलटे आहे. त्याच रोगाची राखण त्या दुधात तयार होत असते. हात साबणाने धुवून, सर्दी असेल तर तोंडाला पदर बांधून पाजावे. डॉक्टरांनी एखाद्या खास कारणाने थांबवायला सांगितले, तर गोष्ट वेगळी.

मग रोगच येऊ द्यावा का?

कुणी म्हणेल, "रोग आल्यावर शरीर शिकते ना? मग येऊ द्या की रोग! आमच्या वेळी गोवर सगळ्यांना यायचा."

यायचा, आणि पुष्कळ लेकरे घेऊन जायचा. २०२२ साली मुंबईत गोवराची साथ आली, तेव्हाही लेकरे दगावली. गोवर फार वाईट. तो नुसता ताप आणि पुरळ देऊन जात नाही. तो त्या चावडीतली वहीच पुसून टाकतो. आधी शरीराने ज्या जंतूंची आठवण ठेवली होती, त्यांतली पुष्कळशी गोवर नाहीशी करतो. मग महिनोन्महिने, कधी दोन-तीन वर्षेसुद्धा, ते मूल दुसऱ्या रोगांना लवकर बळी पडते. म्हणून गोवर-रुबेलाची लस नवव्या महिन्यात एकदा, आणि सोळा ते चोवीस महिन्यांत दुसऱ्यांदा, चुकवू नका. रोगापासून शिकायला फी फार पडते. लसीपासून थोडक्यात शिकता येते.

आजींच्या प्रश्नाचे उत्तर

तर आजी, तुमच्या नातवाच्या दंडावरची ती पुळी. तिचे नाव बी.सी.जी. त्या लसीत टी.बी.च्या जंतूच्या भावकीतला एक दुबळा केलेला जंतू असतो. कातडीत तो थोडासा वाढतो. काही आठवड्यांनी पुळी येते, फुटते, दोन-तीन महिन्यांत आपोआप भरते आणि लहानसा वण राहतो. ती बिघाडाची खूण नव्हे. शरीर शिकत आहे, त्याची खूण आहे. तिला हळद लावू नका, मलम लावू नका, दाबून पू काढू नका. स्वच्छ पाण्याने धुवावी आणि मोकळी ठेवावी. काखेत मोठी गाठ आली किंवा जखम फारच चिघळली, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

ही लस लहान लेकरांना मेंदूच्या आवरणाच्या आणि साऱ्या अंगात पसरणाऱ्या टी.बी.पासून वाचवते. तो टी.बी. फार घातक असतो. दंडाला टोचले, आणि राखण झाली मेंदूची! मोठ्या माणसाच्या छातीच्या टी.बी.ला मात्र ती तेवढी पुरत नाही. म्हणून घरात कुणाला दोन आठवडे खोकला असेल, तर थुंकी तपासून घ्या.

आणि दंडावरची पुळी भरली नाही, म्हणून पुढची लस थांबवायची नाही. ते दोन वेगळे चोर आहेत. वेळ चुकली म्हणून सगळे वाया गेले असेही नाही. जिथे राहिले, तिथून पुढे चालू करता येते.

मंडळी, आपल्या गावात आता देशभरची माणसे येऊन राहिली आहेत. इमारतींच्या कामावर पत्र्याच्या खोल्यांत राहणारी लेकरे आहेत. आज इथे, तर सहा महिन्यांनी दुसरीकडे. त्यांच्या लशी चुकतात. तुमच्या शेजारी असे घर असेल, तर त्यांनाही सांगा. जंतू गावकी पाहत नाही आणि भाडेकरूही पाहत नाही.

आज वर्गात येताना आजींनी नातवाचे लसीचे कार्ड पदरात बांधून आणले. मी म्हटले, "आजी, मी वाचणार नाही, तुम्ही वाचा." त्यांनी कार्ड दिव्याजवळ धरले. बोट ठेवून एकेक अक्षर लावले. "ज-न्म-तः." तिथे तारीख होती. मग बोट खाली नेले. "स-हा आ-ठ-व-डे." तिथला रकाना रिकामा होता. आजींनी बोट बराच वेळ तिथेच ठेवले.

मग म्हणाल्या, "अंगणवाडीत लस कधी देतात, ते सुनेला विचारते. मीच घेऊन जाते."

मंडळी, आपण वाचायला शिकलो ते कशासाठी? असे रिकामे रकाने दिसावेत म्हणून. आज घरी गेल्यावर आपापल्या लेकरांची, नातवंडांची कार्डे काढा. दिव्याशी धरा आणि वाचा. जो रकाना रिकामा असेल, तो पुढच्या वर्गाआधी भरून आणा.

राम राम!